आधी कापड, मग छपाई

श्रावण लागला की टी-शर्ट छापणाऱ्या गाळ्यांमध्ये रात्रपाळी सुरू होते. आधी गोविंदा पथके येतात, त्यांच्या पाठोपाठ गणेशोत्सव मंडळे आणि ढोल-ताशा पथके, मग नवरात्रवाले. दिवाळी उरकली की शाळा-कॉलेजांची गॅदरिंग, टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, मॅरेथॉन, कंपन्यांच्या सहली आणि हल्ली लग्नघरातली नवऱ्याकडची नि नवरीकडची हौशी मंडळी. मध्येच निवडणूक लागली तर या सगळ्यांनी मुकाट्याने रांगेत थांबायचे. ग्राहक कितीही वेगवेगळे असले तरी दुकानातला पहिला संवाद ठरलेला. मोबाइल पुढे करायचा, त्यावरचे डिझाइन दाखवायचे आणि विचारायचे, "एका पीसचे किती?"

हे पुस्तक त्या प्रश्नाच्या आधी विचारायच्या प्रश्नांविषयी आहे. कापड कोणते, नग किती आणि तो कपडा किती धुण्यांना टिकायला हवा, या तीन गोष्टी ठरल्या की छपाईची पद्धत जवळजवळ आपोआप ठरते. डिझाइनचा नंबर त्यानंतर लागतो. आपल्याकडे मात्र डिझाइनवर चार रात्री वाद होतात आणि कापडाचा निर्णय दुकानाच्या काउंटरवर दोन मिनिटांत उरकतो. जे ग्राहकाने ठरवले नाही ते दुकानदार ठरवतो, आणि तो ते त्याच्याकडे असलेल्या मशीनवरून ठरवतो. यात फसवणूक असतेच असे नाही. ज्याच्याकडे हीट प्रेस आहे त्याला प्रत्येक काम हीट प्रेसचेच वाटते, आणि ज्याच्या गाळ्यात वीस फुटी टेबले आहेत तो पंधरा नगांच्या कामालाही स्क्रीनच सुचवतो. म्हणून पद्धतींची नावे आणि स्वभाव ग्राहकालाही माहीत असलेले बरे.

कापडावर छापणे ही भारताला नवी गोष्ट नव्हे. कैरोजवळच्या फुस्तातमध्ये सापडलेले मध्ययुगीन सुती कापडाचे तुकडे गुजरातेत छापलेले होते. पुढे भारतीय छापील कापडाने युरोपला असे वेड लावले की तिथल्या विणकरांच्या ओरड्यामुळे फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडनेही १७२१ मध्ये असाच कायदा केला. लोकांना मोह पडला होता तो नुसत्या वेलबुट्टीचा नव्हे, धुतल्यावरही न जाणाऱ्या रंगाचा. आपले छिपे आणि रंगारी कापडाला आधी हिरड्याचे पाणी देत, तुरटीचा किंवा लोखंडाचा ठसा उठवत आणि मग ते रंगाच्या भांड्यात उकळत. जिथे तुरटी तिथे लाल, जिथे लोह तिथे काळा. रंग धाग्यात शिरून बसे, वर थापलेला नसे. रंग धाग्यात शिरतो की धाग्यावर बसतो, हा भेद या पुस्तकात पानोपानी भेटेल. आजच्या सगळ्या पद्धतींची प्रतवारी यावरूनच लावता येते.

फरक पडला तो दुसऱ्या बाबतीत. जुनी छपाई थानावर होई आणि कपडा नंतर शिवला जाई. आपण ज्या छपाईची ऑर्डर देतो ती शिवून तयार झालेल्या कपड्यावर होते. हा प्रकार विसाव्या शतकातला, आणि त्याची मोठी बाजारपेठ अमेरिकेत उभी राहिली. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत थॉमस ड्यूई यांच्या प्रचाराचा छापील टी-शर्ट निघाला होता. तो आज तिथल्या स्मिथसोनियन संग्रहात आहे. ड्यूई हरले, टी-शर्ट राहिला. आपल्या उमेदवारांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

या धंद्याचा कणा म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. कापडी जाळीतून शाई खाली ढकलण्याच्या पद्धतीचे पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये घेतले. तेव्हा जाळी रेशमी असे, आता ती पॉलिस्टरची असते. साठच्या दशकात मायकेल व्हॅसिलँटोन यांनी गोल फिरणारे, अनेक रंगांचे यंत्र बाजारात आणले. ते मुळात बोलिंग खेळणाऱ्या संघांच्या कपड्यांवर नावे छापण्यासाठी होते. पुढे टी-शर्टच्या लाटेने त्याला उचलून धरले. महाराष्ट्रात मात्र ही विद्या अनेकांनी शिकली ती लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डांवर. 'घरबसल्या स्वयंरोजगार' म्हणून स्क्रीन प्रिंटिंगचे वर्ग गल्लोगल्ली चालत. लाकडी फ्रेम, एक टेबल आणि घरात थोडा अंधार एवढ्यावर धंदा सुरू होई. पत्रिकांचा धंदा ऑफसेटने आणि नंतर मोबाइलने खाल्ला, तेव्हा त्यातले कित्येक हात कापडाकडे वळले.

स्क्रीन कशी बनते हे एकदा समजून घेतले की भावाचे गणित उलगडते. फ्रेमवर ताणलेल्या जाळीला प्रकाशसंवेदी लेप देतात आणि तो अंधारात वाळवतात. त्यावर डिझाइनची काळी पॉझिटिव्ह फिल्म ठेवून प्रकाश पाडतात. प्रकाश लागला तिथे लेप कडक होतो. काळ्याखाली झाकलेला भाग मऊच राहतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने निघून जातो. तिथली जाळी उघडी पडते. स्क्वीजी, म्हणजे शाई ढकलणारी रबरी पट्टी, ओढली की तिथूनच शाई कापडावर उतरते. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. समजा डिझाइन तीन रंगांचे आहे आणि एका स्क्रीनचा खर्च पाचशे रुपये धरला. दीड हजार रुपये पहिला टी-शर्ट छापण्याआधीच लागले. तीस नग असतील तर प्रत्येकावर पन्नास रुपयांचा बोजा, तीनशे असतील तर पाचच रुपयांचा. म्हणून स्क्रीनवाला आधी 'किती पीस?' विचारतो आणि दुसऱ्या दमात 'किती रंग?' हे दोन आकडे कळेपर्यंत त्याने सांगितलेल्या भावाला काही अर्थ नसतो. वर काळ्या किंवा गडद कापडावर छापायचे असेल तर रंगांच्या खाली पांढऱ्याचा थर द्यावा लागतो, म्हणजे आणखी एक स्क्रीन आली. तीन रंगांचे डिझाइन काळ्या टी-शर्टवर चार रंगांचे होते, हे बिल हातात पडल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले चांगले.

शाईची दोन मोठी घराणी. पाण्यावरच्या शाईत रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारा बाइंडर असतो. ती धाग्यात मुरते, हाताला फारशी लागत नाही, हलक्या रंगाच्या सुती कापडावर उत्तम दिसते. तिचाच दाट, पांढऱ्याने अपारदर्शक केलेला प्रकार बाजारात 'खादी' म्हणून ओळखला जातो. त्याचा खादीच्या कापडाशी संबंध नाही. गडद कापडावर स्वस्तात पांढरे उठवायचे असेल की छापणारा खादी सुचवतो. दुसरे घराणे प्लास्टिसॉलचे. पीव्हीसीचे बारीक कण द्रवात कालवलेली ही शाई हवेवर वाळतच नाही. तिला सुमारे १६० अंश सेल्सिअसची उष्णता मिळाली की ती वितळून एकसंध पापुद्रा होते. म्हणून ती जाळीत सुकून बसत नाही आणि छापणाऱ्याला दिवसभर निवांत काम करू देते. रंग ठसठशीत, कडा स्वच्छ. उष्णता कमी पडली तर मात्र वरून सगळे ठीक दिसते आणि दोन-तीन धुण्यांत छपाईला भेगा पडतात. तयार नग हातात आला की छापलेला भाग दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहावा. तडा गेला तर शाई कच्ची आहे. ही चाचणी ग्राहकाने दुकानातच करावी, त्यात भिडस्तपणा नको.

आता आपल्या पंचांगाची गंमत पाहा. सर्वात जास्त काम येते ते गोपाळकाला आणि गणेशोत्सवाच्या आधी, म्हणजे ऐन पावसाळ्यात. दमट हवेत स्क्रीनचा लेप लवकर सुकत नाही, ओलसर राहिलेला लेप प्रकाशाला नीट उतरत नाही, पाण्यावरची शाई टेबलावर वाळायला वेळ घेते. त्याच वेळी गाळ्याबाहेर मंडळाचे कार्यकर्ते उभे असतात आणि ऑर्डर आदल्या आठवड्यात दिलेली असते. अशा वेळी जी गोष्ट सर्वात आधी कापली जाते ती म्हणजे क्युरिंगची, छपाई तापवून पक्की करण्याची, मिनिटे. पावसाळ्यातली ऑर्डर आषाढातच द्यावी, असे लेखकाने पुस्तकात म्हटले आहे. मी म्हणेन, वर्गणीच्या पावत्या छापायला टाकता त्याच दिवशी टी-शर्टचेही बोलून टाका.

कापडाकडे येऊ. टी-शर्टचे सुती कापड आणि खेळाचे पॉलिस्टर यांचा स्वभाव वेगळा आहे आणि बहुतेक तक्रारी हा फरक न ओळखल्यातून उगवतात. सुती कापड घाम टिपते, पाण्यावरची शाई पिते, धुतल्यावर थोडे आटते. पॉलिस्टर घाम टिपत नाही पण लवकर वाळते, आटत नाही, आणि ते ज्या रंगाने रंगवलेले असते त्या रंगाला उष्णतेचे वावडे असते. डिस्पर्स जातीचा हा रंग तापला की वाफ होऊन बाहेर पडू पाहतो. लाल पॉलिस्टरच्या जर्सीवर पांढऱ्या प्लास्टिसॉलने नाव छापले, क्युरिंगमध्ये तापवले, की काही तासांत किंवा काही दिवसांत ते नाव गुलाबी होते. छापताना पांढरे होते, पेटीत भरताना पांढरे होते, सामन्याच्या दिवशी गुलाबी! यात शाई भेसळीची नसते. कापडाचा रंग शाईत चढलेला असतो. यावर कमी तापमानाला पिकणारी किंवा रंग अडवणारी शाई मिळते; फक्त 'कापड पॉलिस्टर आहे' हे छापणाऱ्याला आधी सांगावे लागते. कापड ग्राहकाने स्वतः आणून दिले असेल तर हे सांगणे त्याचेच काम.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. १६० च्या आसपासचा टी-शर्ट हलका, १८० ते २०० चा अंगावर बसणारा, २४० चा जाड. जीएसएम जास्त म्हणजे दर्जा जास्त, ही समजूत दुकानदारांनी आवडीने वाढवली आहे. भाद्रपदाच्या उकाड्यात तासन्‌तास ढोल वाजवणाऱ्याला २४० चा टी-शर्ट देणे ही शिक्षा आहे. 'बायोवॉश' म्हटले की कापडावरची लव एन्झाइमने काढलेली असते, त्यामुळे ते गुळगुळीत लागते आणि लवकर गोळे धरत नाही. छपाईच्या कडाही त्यावर स्वच्छ उमटतात. कॉलरच्या टी-शर्टचे खडबडीत विणीचे कापड, ज्याला बाजारात मॅटी म्हणतात, त्यावर बारीक अक्षरांची छपाई तुटते. तिथे भरतकाम शोभते. सुती होजिअरीचा मोठा माल तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून येतो, आणि दादर किंवा पुण्याच्या रविवार पेठेतल्या दुकानात दिसणारा कोरा गठ्ठाही पुष्कळदा तिथलाच असतो.

तिरुप्पूरचे नाव घेतले की नोय्यल नदीचेही घ्यावे लागते. कापड रंगवणाऱ्या आणि विरंजन करणाऱ्या कारखान्यांचे पाणी त्या नदीत वर्षानुवर्षे गेले. शेतकऱ्यांच्या लढ्यानंतर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एक थेंबही सांडपाणी बाहेर न सोडण्याची अट पूर्ण होईपर्यंत ते कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचा खर्च तेव्हापासून कापडाच्या भावात आहे. 'तोच टी-शर्ट दुसरीकडे वीस रुपयांनी स्वस्त मिळतो' असे कोणी म्हटले तर ते वीस रुपये कुठून वाचले, हे विचारायला आपण शिकायला हवे. पहिल्याच धुण्यात रंग सोडणाऱ्या कापडात त्याचे उत्तर पुष्कळदा सापडते.

क्रिकेटची जर्सी ही वेगळीच दुनिया आहे. तिथे सब्लिमेशनला तोड नाही. डिझाइन आधी कागदावर छापतात, तो कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर ठेवून सुमारे २०० अंशांना दाबतात, आणि मघाशी ज्या रंगाने आपल्याला गुलाबी नावाचा त्रास दिला त्याच जातीचा रंग इथे वाफ होऊन थेट धाग्याच्या आत शिरतो. वरून बोट फिरवले तर छपाई हाताला लागतच नाही. भेगा नाहीत, सोलणे नाही, रंगांच्या संख्येवर भाव नाही. प्रत्येक जर्सीवर वेगळे नाव नि क्रमांक टाकायलाही जादा स्क्रीन लागत नाही. मर्यादा दोनच, पण पक्क्या. कापड पॉलिस्टरच हवे आणि ते पांढरे किंवा अगदी फिके हवे, कारण या पद्धतीत पांढरा रंग नसतो. जिथे पांढरे दिसते तिथे कापडच दिसत असते. सुती टी-शर्टवर कोणी सब्लिमेशन करून देतो म्हणाला तर पहिल्या धुण्यापर्यंतच त्याचे म्हणणे खरे असते.

आणि आता डीटीएफ. गेल्या काही वर्षांत या तीन अक्षरांनी बाजार पालटून टाकला. प्लास्टिकच्या फिल्मवर आधी रंग, त्यावर पांढऱ्याचा थर, त्यावर चिकटणारी पावडर. पावडर भट्टीत वितळवायची, मग फिल्म कपड्यावर ठेवून दाबायची आणि सोलून काढायची. सुती, पॉलिस्टर, मिश्र, काळे, पांढरे, काहीही चालते. एक नग असला तरी चालतो. फोटो चालतो, सतरा रंग चालतात. छापलेली फिल्म मीटरवर विकत मिळते आणि छोट्या गावातला दुकानदार एका हीट प्रेसवर संध्याकाळपर्यंत माल देतो. तालुक्याच्या ठिकाणी ज्या मुलांना स्क्रीनचे टेबल परवडले नसते त्यांना या पद्धतीने धंदा दिला, हे मान्यच करायला हवे.

पण डीटीएफची छपाई कापडावर बसते, कापडात शिरत नाही. छातीवर चार बोटांचा लोगो असेल तर कुणाला कळणारही नाही. तेच पाठीवर बारा इंच रुंद आणि पंधरा इंच उंच, गच्च भरलेले चित्र चिकटवले तर तेवढ्या भागातून हवा जात नाही, घाम आतल्या आत राहतो आणि माणूस पाठीवर रेक्झिन बांधून फिरतो. गोविंदा पथकांनी तर याचा विचार करायलाच हवा. खांद्यावर पाय ठेवून वरचा थर उभा राहतो, वरून पाण्याचे फवारे चालू असतात. तिथे खांद्यावर गुळगुळीत, पाणी न शोषणारी छपाई असूच नये, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. प्रायोजकाचे नाव पाठीवर खालच्या बाजूला गेले म्हणून त्याचा मान कमी होत नाही. लेखक डीटीएफविषयी माझ्याहून उदार आहे. माझा सल्ला एवढाच की डीटीएफ करायचे तर डिझाइन मोकळे ठेवा, अक्षरांच्या आणि रेषांच्या मधून कापड दिसू द्या, पार्श्वभूमीचा चौकोन काढून टाका. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. डीटीजी म्हणजे कागदाच्या प्रिंटरसारखे थेट कपड्यावर छापणे; सुती कापडावर सुरेख, एकेक नगासाठी योग्य, गडद कापडाला आधी द्रावण मारावे लागते म्हणून तिथे महाग. व्हायनिल म्हणजे रंगीत पत्र्यासारखी फिल्म कातरून चिकटवणे. जर्सीमागची नावे नि क्रमांक यांसाठीच ते आहे, फोटोसाठी नाही. भरतकामाचा भाव टाक्यांवर ठरतो, आणि डिझाइनचे टाक्यांत रूपांतर करण्याला, ज्याला धंद्यात पंचिंग म्हणतात, पहिल्यांदा वेगळे पैसे पडतात. ती पंचिंगची फाईल आपण पैसे देऊन करून घेतलेली असते. ती मागून घ्यावी, पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात उपयोगी पडते. पातळ टी-शर्टवर मोठे भरतकाम केले की कापड चुण्या धरते, म्हणून ते कॉलरवाल्या जाड कापडावर आणि छातीपुरतेच ठेवावे.

देवनागरीच्या प्रकरणावर थोडे थांबतो, कारण हा विषय बाहेरच्या पुस्तकांत मिळणार नाही. आपल्याकडचे बहुतेक छपाईवाले कोरलड्रॉवर काम करतात आणि मराठी मजकुरासाठी अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या सोयी वापरतात. तुमच्या संगणकावर नीट दिसणारा मजकूर त्यांच्याकडे तो फाँट नसेल तर चिन्हांचा खिचडा होऊन उघडतो. युनिकोडमधला मजकूर कोरलच्या जुन्या आवृत्तीत टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, रफार सुटा पडतो, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. उपाय सोपा आहे: मजकूर 'कर्व्ह' करून पाठवावा, म्हणजे अक्षरे अक्षरे न राहता आकार होतात आणि कुठेही तशीच उघडतात. मात्र कर्व्ह केल्यावर त्यात दुरुस्ती होत नाही, तेव्हा शुद्धलेखन आधी तपासायचे. पाठीवर हातभर अक्षरांत मंडळाचे नाव ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट वर्षभर मिरवणारे कार्यकर्ते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ज्याने मजकूर लिहिला त्याने तो तपासू नये. दुसऱ्याला मोठ्याने वाचायला द्यावा.

अक्षराचा आकारही पाहायला हवा. स्क्रीनवर अगदी छोटे टिंब नीट उघडत नाही, त्यामुळे बारीक अक्षरांतला अनुस्वार छपाईत गळून पडतो आणि 'मंडळ'चे 'मडळ' होते. थ, ध, भ यांच्या गाठी शाईने भरून जातात. भरतकामात तर पाच मिलिमीटरपेक्षा लहान देवनागरीत मात्रा आणि वेलांटी एकमेकांत गुंततात. रोमन लिपीत जो मजकूर चालून जातो तोच मराठीत थोडा मोठा आणि थोड्या जाड वळणाचा लागतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्त किंवा बलूसारखे फाँट मोफत मिळतात, त्यांचे जाड प्रकार कापडावर चांगले उतरतात. पाठीवर दहा ओळी छापण्याचा मोह मात्र कोणताही फाँट आवरू शकत नाही. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार, आधारस्तंभ, मार्गदर्शक, सगळ्यांची नावे टी-शर्टवर हवीत असे ठरले की तो कपडा राहत नाही, निमंत्रणपत्रिका होते.

डिझाइनची फाईल म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पाठवू नये. दहा इंच रुंद छपाईला इंचामागे ३०० बिंदू या हिशेबाने तीन हजार बिंदू रुंद चित्र लागते. फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेत आक्रसते. तीच फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर शाबूत पोचते. रंगाचेही तसेच. मोबाइलवरचा भगवा, शेड कार्डावरचा भगवा आणि शाईतला भगवा हे तीन वेगळे रंग असतात. प्रत्येक मंडळाला आपलाच भगवा खरा वाटतो, म्हणून शब्दांनी रंग सांगू नये. कापडाचा तुकडा द्यावा, नाहीतर पँटोनचा क्रमांक द्यावा. त्या कंपनीची रंगजुळणीची पद्धत १९६३ पासून याच कामासाठी आहे. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्येही छटा बदलते. 'अजून वीस लागतील' असे वाटत असेल तर ते वीस पहिल्याच खेपेला घ्यावेत.

मापांवरून होणारी भांडणे छपाईवरून होणाऱ्या भांडणांपेक्षा जास्त असतात. एका कंपनीचा एल दुसऱ्याचा एम असतो. दुकानातून सगळ्या मापांचा एकेक नमुना आणावा, पोरांना प्रत्यक्ष घालून पाहायला लावावा आणि मगच यादी करावी. पथकात निम्म्या मुली असताना सरसकट पुरुषी मापाचे टी-शर्ट घेणे हा आळस आहे, दुसरे काही नाही. ढोल कमरेला बांधला की पोटावरची छपाई झाकली जाते आणि घासलीही जाते, तेव्हा ढोलवाल्यांनी पुढे फक्त छातीवर आणि बाकी सगळे पाठीवर छापावे. आणि एस ते डबल एक्सएल सगळ्यांना एकाच स्क्रीनने छापले की छोट्यावर चित्र काखेपर्यंत जाते नि मोठ्यावर तिकिटाएवढे दिसते. मधला आकार निवडताना हे दोन्ही टोकांचे टी-शर्ट टेबलावर ठेवून पाहावे.

एक नाजूक मुद्दा लेखकाने टाळलेला नाही, मीही टाळत नाही. देवदेवतांची, छत्रपतींची चित्रे टी-शर्टवर छापावीत का? हा कपडा घामेजतो, बादलीत पडतो, दोन वर्षांनी त्याची फरशी पुसायची फडकी होतात. ज्यांना श्रद्धेने ते चित्र अंगावर हवे असते त्यांच्याच घरात पुढे त्या फडक्याचे काय करायचे हा पेच पडतो. कित्येक मंडळे आता चित्राऐवजी नुसते नाव, वर्ष आणि एखादे बोधचिन्ह घेतात. मला तो मार्ग शहाणपणाचा वाटतो. सिनेमातला फोटो किंवा एखाद्या क्रिकेट संघाचे चिन्ह परस्पर उचलून छापण्याचा प्रश्न वेगळा, तो कायद्याचा आहे, आणि 'आम्ही विकत नाही, वाटतो' या सबबीने तो मिटत नाही.

पुस्तकात थानावरची छपाई, बांधणी, बाटिक, हातठशाचे काम यांचा विचार केलेला नाही. त्यांना स्वतंत्र ग्रंथ हवेत आणि काही आहेतही. ज्यांना स्वतः छापायला शिकायचे आहे त्यांनी स्क्रीन, शाई आणि क्युरिंगची प्रकरणे क्रमाने वाचावीत, मधली गाळू नयेत. ज्यांना फक्त ऑर्डर द्यायची आहे आणि उत्सव तोंडावर आला आहे त्यांनी कापडाचे प्रकरण आणि शेवटी दिलेला ऑर्डरचा नमुना एवढेच आधी वाचले तरी चालेल. त्या नमुन्यात कापड, जीएसएम, रंगाचा क्रमांक, छपाईची पद्धत, छपाईचा इंचातला आकार, मापवार नग आणि माल देण्याची तारीख यांसाठी रकाने आहेत. ते भरून दोघांनी सह्या कराव्यात आणि एक छापलेला नमुना, एकदा धुऊन, पसंत पडल्याशिवाय आगाऊ रकमेपलीकडे पैसे देऊ नयेत.